एका बरोचा मृत्युतक्ता आणि एका भारतीय डॉक्टरचे आरोग्यकेंद्र

#थ्रेड #इतिहास #सार्वजनिक_आरोग्य

१/ लंडनच्या जुन्या शहराला उत्तरेकडून लागून फिन्सबरी नावाचा एक बरो होता. बरो म्हणजे स्वतःची निर्वाचित परिषद असलेला शहराचा विभाग. क्षेत्रफळ एक चौरस मैलाहूनही कमी. आपल्याकडे हे नाव परिचित आहे ते दादाभाई नौरोजींमुळे. १८९२ साली ते सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या पाच मतांच्या फरकाने ब्रिटिश संसदेत निवडून गेले. याच भागात पुढे जन्म-मृत्यूच्या कोरड्या आकड्यांतून सार्वजनिक आरोग्याची एक व्यवस्था कशी उभी राहिली आणि शतकाच्या मध्यावर तिचे काय झाले, याचा हा धागा.

२/ आरंभ नोंदवहीपासून. इंग्लंड व वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची शासकीय नोंद सुरू झाली. विल्यम फार या वैद्यकाने या नोंदींना सांख्यिकीची शिस्त लावली. किती माणसे मेली एवढेच न मोजता ती कोठे, कोणत्या वयात आणि कोणत्या रोगाने मेली, हे तक्त्यांत मांडले जाऊ लागले. दोन वस्त्यांचे मृत्युदर शेजारी-शेजारी छापले की मृत्यू ही केवळ दैवाची गोष्ट उरत नाही. तो प्रशासनाला विचारलेला प्रश्न होतो.

३/ हा प्रश्न विचारण्यासाठी एक पद निर्माण झाले. १८५५च्या कायद्याने लंडनमधील प्रत्येक स्थानिक मंडळाला आरोग्याधिकारी नेमणे बंधनकारक केले. हा अधिकारी वैद्यक असे. साथींवर लक्ष ठेवणे, राहण्यास अयोग्य घरे दाखवून देणे आणि दरवर्षी अहवाल सादर करणे ही त्याची कामे. अडचण अशी की तो ज्यांचा नोकर, त्यांतलेच काही त्या घरांतून पैसा कमावणारे असत. गरिबांच्या घरांवरील १८८४-८५च्या रॉयल कमिशनपुढे क्लर्कनवेलच्या मंडळाचे उदाहरण गाजले: मोडकळीस आलेली घरे खोली-खोलीने भाड्याने देणारे दलाल तेथे सभासद होते. हेच क्लर्कनवेल १९०० साली फिन्सबरी बरोचा भाग झाले.

४/ अशा स्थितीत छापील तक्ता हेच आरोग्याधिकाऱ्याचे हत्यार होते. सभेत दाबता येणारी तक्रार अहवालात छापली गेली की शेजारच्या बरोला दिसे, वर्तमानपत्रांना दिसे, सरकारलाही दिसे. म्हणूनच हे आकडे कसे तयार होत, हे थोडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे.

५/ पहिला पेच पत्त्याचा. समजा, फिन्सबरीतल्या रुग्णालयात दुसऱ्या बरोतील माणूस मरण पावला. तो मृत्यू कोणाच्या खात्यात मांडायचा? घटना घडली त्या जागी मांडला तर रुग्णालये असलेला प्रत्येक विभाग रोगट ठरेल. म्हणून मृत्यू त्या व्यक्तीच्या नेहमीच्या निवासस्थानाच्या नावे वर्ग करण्याची पद्धत रुळली. जन्माचेही तसेच: बाळ प्रसूतिगृहात जन्मले, तरी मोजले जाई ते आईच्या घराच्या बरोत.

६/ दुसरा पेच वयाचा. म्हाताऱ्यांची संख्या अधिक असलेल्या विभागात मृत्यू अधिक होणारच. त्यामुळे कच्चा मृत्युदर एका गुणकाने सुधारून मगच इतर विभागांशी ताडून पाहिला जाई. तिसरा पेच लहान संख्यांचा. कल्पनेने एक उदाहरण घेऊ: एका बरोत वर्षाला ५०० जन्म झाले आणि पहिल्या वाढदिवसाआधी १५ बाळे दगावली, तर दर हजारी ३०. पुढच्या वर्षी आणखी तीनच बाळे दगावली, तर दर थेट ३६. तीन पाळणे रिकामे झाले की तक्ता हादरतो. म्हणून जाणता आरोग्याधिकारी एका वर्षाच्या आकड्यावर विसंबत नसे. तो अनेक वर्षांची रेषा पाहत असे.

७/ नव्या फिन्सबरी बरोचे पहिले आरोग्याधिकारी होते जॉर्ज न्यूमन (१९००-१९०७). तेव्हा इंग्लंड व वेल्समध्ये दर हजार जन्मांमागे सुमारे १५० बाळे वर्षाच्या आत दगावत. न्यूमन यांनी बालमृत्यूंची मांडणी घरातील खोल्यांच्या संख्येनुसार केली. एका खोलीत संसार करणाऱ्या कुटुंबांत बाळे दगावण्याचे प्रमाण चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांच्या दुपटीहून जास्त निघाले. उन्हाळ्यातील अतिसार हा मोठा मारेकरी होता आणि त्याचा संबंध नासलेल्या, दूषित दुधाशी होता. १९०४ साली फिन्सबरीत बाळांसाठी निर्धोक दूध देणारे केंद्र सुरू झाले. तक्त्यातून सेवा जन्मली, ती अशी.

८/ पण तक्ता स्वतःचा अर्थ सांगत नाही. तेच आकडे पाहून एक पक्ष म्हणे: दोष खोलीचा, मजुरीचा, संडासाचा. दुसरा म्हणे: दोष आईच्या अज्ञानाचा. खोल्यांचा तक्ता मांडणाऱ्या न्यूमन यांनीही १९०६च्या आपल्या ग्रंथात अखेर मुख्य भर मातृत्वाच्या प्रश्नावर दिला. आईला शिकवणे स्वस्त पडते, घरे बांधणे महाग. पुढच्या अर्धशतकातील आरोग्यसेवेचा इतिहास बऱ्याच अंशी या दोन वाचनांमधील झगडा आहे.

९/ नोंदणीतील एक बारीक दुरुस्ती या काळात फार परिणामकारक ठरली. जन्म नोंदवायला कायद्याने ४२ दिवसांची मुदत होती. पण पुष्कळशी बाळे त्याआधीच दगावत; नोंद हाती येई तेव्हा मदतीची वेळ टळलेली असे. १९०७च्या कायद्याने जन्माची वर्दी ३६ तासांत आरोग्याधिकाऱ्याला देण्याची तरतूद केली आणि १९१५ साली ती सर्वत्र सक्तीची झाली. वर्दी आली की आरोग्यसेविका त्या घरी जाई. एकच नोंद, पण ४२ दिवसांनी आली तर इतिहास आणि ३६ तासांत आली तर उपचार.

१०/ आता १९३०चे दशक. पंजाबात जन्मलेले, लाहोरला वैद्यक शिकलेले डॉ. चुनीलाल कटियाल लंडनच्या श्रमिक वस्त्यांत व्यवसाय करत होते. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन यांची प्रसिद्ध भेट झाली, ती त्यांच्याच पूर्व लंडनमधील घरी. १९३४ साली ते मजूर पक्षातर्फे फिन्सबरीच्या परिषदेवर निवडून आले आणि सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष झाले. १९३८ साली ते बरोचे महापौर झाले. ब्रिटनमधील पहिले दक्षिण आशियाई महापौर म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

११/ तोपर्यंत बरोच्या आरोग्यसेवा विखुरलेल्या होत्या: क्षयाची तपासणी एकीकडे, बाळांचे वजन दुसरीकडे, निर्जंतुकीकरण तिसरीकडे. त्या एका छताखाली आणायचे समितीने ठरवले. काम सोपवले बर्थोल्ड लुबेटकिन आणि त्यांच्या टेक्टन या संस्थेकडे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील पेंग्विनांचा प्रसिद्ध हौद याच लुबेटकिनांचा. २१ ऑक्टोबर १९३८ रोजी पाइन स्ट्रीटवरील फिन्सबरी आरोग्यकेंद्राचे उद्घाटन झाले.

१२/ ही वास्तू म्हणजे आरोग्याधिकाऱ्याच्या तक्त्याचे जणू काँक्रीटमधले रूप होते. क्षयाच्या रकान्याला उत्तर म्हणून क्षयचिकित्सालय. मुडदुसाने वाकलेल्या हाडांना उत्तर म्हणून कृत्रिम सूर्यप्रकाशाची खोली. स्त्रियांसाठी दवाखाना, दातांचा दवाखाना, पायांच्या विकारांचा दवाखाना, व्याख्यानगृह. दर्शनी भागात काचेच्या विटा, म्हणून आत भरपूर उजेड. ज्या वस्तीत सूर्य गल्लीपर्यंतही पोहोचत नसे, तेथील माणसाने उजेडातून चालत डॉक्टरकडे जावे, हा त्यामागील विचार.

१३/ तळघर मात्र अधिक बोलके होते. तेथे कपडे व अंथरुणे निर्जंतुक करण्याची यंत्रणा होती, उवा-खरजेसाठी स्वच्छतागृह होते आणि शवागारही होते. ज्यांच्या घरात ढेकूण-कीटक मारण्यासाठी धुरी द्यायची, त्या कुटुंबांना तेवढ्यापुरते राहण्यासाठी खोल्याही ठेवल्या होत्या. गरिबाचे घर साफ करायचे तर त्या रात्री त्याने झोपायचे कोठे, याचा विचार नकाशातच केलेला होता.

१४/ पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. सप्टेंबर १९३९ मध्ये लंडनची मुले खेड्यांकडे हलवण्यात आली, पुरुष सैन्यात गेले, घरे बॉम्बखाली आली. सांख्यिकीच्या दृष्टीने हे मोठे संकट होते: दर काढण्यासाठी भागायचे कशाने? लोकसंख्याच ठाऊक नाही! तरीही सेवा थांबल्या नाहीत. घटसर्पाची देशव्यापी लसमोहीम याच काळातली. ब्रिटनमध्ये १९४० साली घटसर्पाचे ६१ हजारांहून अधिक रुग्ण आणि ३,२८३ मृत्यू नोंदले गेले होते. १९५७ साली उरले ३८ रुग्ण आणि ६ मृत्यू.

१५/ १९४२ साली चित्रकार एब्रम गेम्स यांनी सैनिकांसाठी एक भित्तिचित्र केले. मागे पडकी, ओलसर भिंत आणि मुडदुसाने ग्रासलेला मुलगा. ते सारे झाकत पुढे उभे फिन्सबरी आरोग्यकेंद्र. लढायचे ते या नव्या ब्रिटनसाठी, असा आशय. पंतप्रधान चर्चिल यांना ते देशाची बदनामी करणारे वाटले आणि ते मागे घेण्यात आले. आरोग्याधिकारी वर्षानुवर्षे जे तक्त्यांत छापत होते, तेच चित्रात आल्यावर असह्य झाले.

१६/ ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. उपचार सर्वांना मोफत झाले, ही ऐतिहासिक झेप. पण तिची एक बाजू कमी सांगितली जाते. ज्या बरोंनी या सेवा स्थानिक करातून उभारल्या, त्यांच्या हातून त्या गेल्या. लंडनमध्ये माता-बाल संगोपन, आरोग्यसेविका आणि लसीकरण लंडन काउंटी कौन्सिलकडे गेले. क्षयाचे दवाखाने रुग्णालय मंडळांकडे. नव्या कायद्यात आरोग्यकेंद्रांची तरतूद होती. तरीही पहिल्या दशकात मोजकीच बांधली गेली.

१७/ बरोच्या आरोग्याधिकाऱ्याकडे उरले काय? अन्नतपासणी, गटारे, उंदीर, साथींची वर्दी, गर्दीची घरे आणि तक्ता. शिवाय एक कठोर अधिकार: १९४८च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याच्या ४७व्या कलमानुसार, घाणीत एकटे व दुर्लक्षित पडलेल्या वृद्धांना न्यायालयाच्या आदेशाने घरातून हलवता येई. पन्नाशीच्या दशकातील अहवालांत बाळांची जागा हळूहळू वृद्ध घेऊ लागले, ते उगाच नव्हे. १९५०च्या सुमारास देशाचा बालमृत्युदर हजारी ३० पर्यंत उतरला होता, अर्धशतकात एक-पंचमांश.

१८/ फिन्सबरी तोवर निम्म्याहून अधिक रिकामे झाले होते. १९०१ साली सुमारे एक लाख वस्ती होती. १९५१ साली सुमारे ३५ हजार. उरलेल्यांसाठी परिषदेने लुबेटकिन यांच्याकडूनच स्पा ग्रीन ही वसाहत बांधून घेतली. १९४६ साली तिची कोनशिला बसवली अन्युरिन बेव्हन यांनी. आरोग्य आणि गृहनिर्माण ही दोन्ही खाती तेव्हा त्यांच्या एकट्याकडे होती. खोल्यांचा जुना तक्ता अखेर एका मंत्र्याच्या टेबलावर एकत्र वाचला गेला.

१९/ तक्त्यांची निकड पुन्हा पटली ती डिसेंबर १९५२ मध्ये. ५ ते ९ डिसेंबर लंडनवर कोळशाच्या धुराचे दाट धुके बसले. रस्त्यात प्रेते पडली नव्हती. माणसे घराघरांत, रुग्णालयांत, खोकत मेली. संकटाचा आवाका कळला तो साप्ताहिक मृत्युनोंदींची बेरीज झाली तेव्हा: नेहमीपेक्षा सुमारे ४,००० मृत्यू अधिक. पुढील अभ्यासांनी हा अंदाज १२,००० पर्यंत नेला. याच आकड्यांच्या दबावातून १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला.

२०/ या कथेचे धागे भारतातही येतात. १९४३ साली नेमलेल्या आरोग्य समितीचे अध्यक्ष जोसेफ भोर हे नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. त्यांच्या १९४६च्या अहवालात दोन आकडे शेजारी-शेजारी आहेत: १९३७ साली ब्रिटिश हिंदुस्थानात बालमृत्युदर हजारी १६२, इंग्लंड व वेल्समध्ये ५८. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना याच अहवालातली. आणि डॉ. कटियाल? ते १९४८ साली भारतात परतले आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे महासंचालक झाले. फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूरला ही विमा योजना सुरू झाली, तेव्हा सूत्रे त्यांच्याच हाती होती.

२१/ १९६५ साली फिन्सबरी बरो इस्लिंग्टनमध्ये विलीन झाला. १९७४ साली आरोग्याधिकारी हे पदच रद्द झाले. लंडनच्या या अधिकाऱ्यांचे हजारो अहवाल मात्र आज संगणकावर कोणालाही वाचता येतात. असा अहवाल उघडाल तेव्हा तीन गोष्टी तपासा: दर कोणत्या लोकसंख्येवर काढला आहे, मृत्यू कोणाच्या पत्त्यावर मांडला आहे आणि त्या आकड्यापुढे त्या वर्षी परिषदेने कशावर पैसा खर्च केला आहे. पहिल्या दोन गोष्टींवरून आकडा किती खरा ते कळते. तिसरीवरून तो कोणी मनावर घेतला का, ते कळते.