टीपॉयवरचं मापटं

टीपॉय म्हटलं की वाटतं, त्यावर चहा ठेवायचा म्हणून ‘टी’. तसं नाही. तीन पायांची ती आपली तिवई, हिंदीत तिपाई. साहेबानं तो शब्द उचलला, त्याच्या जिभेवर त्याचा टीपॉय झाला. चहा त्यात लोकांनी मागनं घुसवला. म्हणजे नाव इथलंच, साहेबाच्या तोंडून परत आलेलं. पाय तेवढे तीनाचे चार झाले.

आमच्या माणदेशात शोभेसाठी वेगळं टेबल कुणाच्याच घरी नव्हतं. शोभा असायची मांडणीवर. चिंचेनं लखलखीत घासलेली पितळी भांडी, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत ओळीनं. कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, कोनाड्यात दिवा. दिसायला देखणं, पण त्यातलं एकही भांडं बसून खाणारं नव्हतं.

टीपॉय आमच्याकडं आला तो लग्नाच्या आंदणातनं, लोखंडी कॉटच्या जोडीनं. त्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर रेडिओ. रुखवत मुळात लाडू-करंज्यांचं. पुढं त्यात मण्यांचे पोपट नि लोकरीची फुलं शिरली आणि लग्नानंतर तीही टीपॉयवर येऊन बसली.

आता उलटा फेरा सुरू आहे. शहरातल्या टीपॉयवर अडकित्ता, पानाचा डबा, बैलाची घुंगरमाळ मांडलेली दिसते. माझ्या लेकाच्या पुण्यातल्या घरी टीपॉयवर आमचं पितळी मापटं आहे. सूनबाईनं ते झकास घासून ठेवलंय. एकदा तिनं विचारलं, “मामा, ह्यात पूर्वी काय ठेवायचे हो?” मी म्हणालो, “ठेवायचे न्हाईत पोरी, ह्यानं मोजायचे.”

दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. गावागावाला थोडाफार फरक, पण हिशोब हाच. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन. मापाच्या काठावर धान्याचा जो निमुळता ढीग उभा राहतो, ती शीग. आज पेपरात ‘उत्साह शिगेला पोहोचला’ असं छापून येतं, ती हीच शीग. लिहिणाऱ्यानं धान्य मोजलेलं नसलं तरी शब्द खळ्यावरचाच आहे.

ह्या शिगेतच सगळी मेख होती. देताना काठावरनं हात फिरवून सपाट माप द्यायचं आणि घेताना शिगेचं घ्यायचं, ही सावकारी रीत. एका मापाला ओंजळभर फरक, पण पोत्याला किती पडत असेल ते बघा. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या नि खतं जाळली. कागदावरचं भांडण म्हणून ते इतिहासात आलं. शिगेचं भांडण कुठल्याच कागदावर चढलं नाही. ते आमच्या आज्यानं बापाला सांगितलं, बापानं मला.

१९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आला. बाजारातनं शेर-पायली हळूहळू उठली. घरात मात्र मापटं राहिलं, कारण उसनं-पासनं त्याच्यावरच चालायचं.

मग १९७२ चा दुष्काळ पडला. मी तेव्हा बारा वर्षांचा. रेशनवर परदेशातली तांबडी मिलो, कामावर खडी फोडायची नि पोरांना सुकडी. त्या साली आमच्या मांडणीवरचा हंडा मोडीत गेला, मग घागर, परात, तपेली. पितळ वजनावर जायचं, त्याच्या घडणीला किंमत नव्हती. मांडणी रिकामी झाली. मोड घेणारा मापट्याकडं बोट दाखवून म्हणाला, “हे बी द्या की.” आई म्हणाली, “त्ये न्हाई द्यायचं. शेजारणीकडनं त्याच मापानं जोंधळं आणल्यात. फेडायचं कशानं?”

पुढच्या साली पाऊस झाला. सुगीत आईनं तीच मापटी भरून उसनं फेडलं. आणलं होतं सपाट, फेडलं शिगेनं. शेजारीण नको नको म्हणत होती. आई म्हणाली, “तुमी वक्ताला दिलंसा, त्येची ही शीग.”

पुढं स्टेनलेस स्टील आलं आणि मांडणी परत भरली. पण दुष्काळाच्या आधीची निशाणी म्हणून ते मापटं एवढंच उरलं.

टीपॉय सजवायला माझी ना नाही. माळ्यावर गंजण्यापेक्षा चार माणसांच्या नजरेत असलेलं बरं. फक्त मापट्याला भोक पाडून त्याचा दिवा करू नका, आणि ते पालथं घालू नका. रिकामं माप पालथं घातलेलं आमच्यात अशुभ मानत. जमल्यास त्यात मूठभर जोंधळा असू द्या. आणि अशी एखादी वस्तू गावाकडनं नेणार असाल, तर नेण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ घटकाभर बसा. ती कुणी घेतली, कशाला लागायची, कुठल्या साली विकता विकता राहिली, ते विचारून घ्या. वस्तू पन्नास वर्षं टिकेल. सांगणारं माणूस तेवढं टिकायचं नाही.