बारा मागण्या आणि मार्टिन ल्यूथर

युरोपातली धर्मसुधारणा म्हटली की शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलांना मार्टिन ल्यूथर हे नाव आणि १५१७ हे साल पाठ असतं. परीक्षेपुरतं तेवढं पुरतं. परंतु त्यानंतर आठच वर्षांनी जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी या धर्मसुधारणेचा शब्द खरा मानून काय मागितलं आणि त्यांच्या पदरात काय पडलं, याची माहिती फार थोड्यांना असते.

थोडं मागं जाऊ. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म पसरू लागला तेव्हा त्यात गुलाम, कारागीर, गोरगरीब बायाबापड्या पुष्कळ होत्या. ख्रिस्ताच्या ठायी गुलाम आणि स्वतंत्र असा भेद नाही, असं पॉलने आपल्या पत्रात लिहून ठेवलं होतं. पुढे ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइनने या धर्माला मोकळीक दिली आणि ३८० मध्ये थिओडोसियसने तो साम्राज्याचाच धर्म केला. राजाश्रय आला, त्यामागून जमिनी आल्या. हजार वर्षांत बिशप आणि मठाधिपती हे युरोपातले मोठे जमीनदार होऊन बसले. धर्मग्रंथ लॅटिनमध्ये, म्हणजे नांगर धरणाऱ्याला त्यातलं अक्षर कळायचं नाही. जो कोणी धर्मपीठाला जाब विचारील त्याची गत बोहेमियाच्या यान हुससारखी. त्याला १४१५ मध्ये जिवंत जाळलं. इंग्लंडचा वायक्लिफ १३८४ मध्ये आपल्या मरणाने मेला होता, तर १४२८ मध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली!

या व्यवस्थेच्या तळाशी भूदास होता. तो बाजारात विकला जात नसे, एवढाच काय तो गुलामाहून फरक. मालकाच्या परवानगीशिवाय त्याला गाव सोडता येत नसे, की बाहेर लग्न करता येत नसे. धान्याचा दहावा हिस्सा चर्चचा. मालकाच्या शेतावर वेठ. (वेठ हा शब्द आपल्याकडे समजावून सांगायची गरज नाही.) रानातल्या हरणांनी उभं पीक खाल्लं तरी ती मालकाच्या शिकारीची, त्यांना हात लावायचा नाही. ओढ्यातला मासा मालकाचा, सरपणाचं लाकूड मालकाचं. आणि घरचा कर्ता मेला की प्रेत उचलल्यावर मालकाचा माणूस दारात हजर. गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर तो सोडून न्यायचा. बाई मेली तर तिचं चांगलं लुगडंकपडं न्यायचा. स्ट्युलिंगेनच्या लोकांची गोष्ट सांगतात की ऐन कापणीत सरदाराच्या बायकोने त्यांना सूत गुंडाळण्यासाठी गोगलगायींचे शंख गोळा करायला लावले. गोष्ट किती खरी ते सोडा, पण १५२४ च्या उन्हाळ्यात बंडाची पहिली ठिणगी तिथेच पडली.

तोवर ल्यूथर गाजला होता. रोममधलं सेंट पीटरचं चर्च बांधण्यासाठी पैसे घेऊन पापाची सूट देणारी पत्रं विकली जात, त्याविरुद्ध त्याने १५१७ मध्ये पंचाण्णव मुद्दे मांडले. १५२१ मध्ये सम्राटासमोर उभं राहूनही त्याने माघार घेतली नाही. १५२२ मध्ये त्याने नवा करार जर्मन भाषेत आणला. छापखाना निघून सत्तरएक वर्षं झाली होती. जे पुस्तक हजार वर्षं कुलुपात होतं ते आता चांभार-विणकर वाचू लागले. ज्याला येत नव्हतं त्याला वाचून दाखवू लागले. आणि वाचल्यावर माणूस विचार करणारच.

मार्च १५२५ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या मेमिंगेन गावात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी जमले. सेबास्टियन लोत्सर नावाचा एक कारागीर, कातड्याचे गरम कपडे शिवणारा, त्याने त्यांच्या बारा मागण्या लिहून काढल्या. साथीला शापेलर नावाचा धर्मोपदेशक होता. आमचा धर्मगुरू आम्ही निवडू. दशमांश गुरूच्या पोटाला आणि गरिबांना जावा. रान, पाणी, गायरान गावाचं असावं. मेल्या घरी जनावर नेण्याची चाल बंद व्हावी. तिसरी मागणी सर्वांत मोठी होती: ख्रिस्ताने आपलं रक्त देऊन मेंढपाळापासून राजापर्यंत सर्वांना सोडवलं, तर मग आम्ही कुणाची मालमत्ता कसे? बारावं कलम तर पाहण्यासारखं आहे. यातलं काही धर्मग्रंथाच्या विरुद्ध आहे असं दाखवून द्या, आम्ही मागणी सोडतो, असं त्यात म्हटलं होतं. दोन महिन्यांत या पत्रकाच्या सुमारे पंचवीस हजार प्रती छापल्या गेल्या.

आता सगळ्यांचे डोळे ल्यूथरकडे. तो स्वतः शेतकऱ्याचा नातू. त्याने आधी राजेरजवाड्यांना खडसावलं, हे बंड तुमच्याच लुटीचं फळ आहे म्हणून. पण तिसऱ्या मागणीवर तो अडला. ख्रिस्ताने दिलेली मुक्ती आत्म्याची आहे, शरीराची नव्हे, अब्राहामाकडेही गुलाम होते, असं त्याचं उत्तर. मध्यंतरी वाइन्सबर्गला शेतकऱ्यांनी एका सरदाराला त्याच्या माणसांसकट भाल्यांनी मारलं, हेही लपवायला नको. मे महिन्यात ल्यूथरचं दुसरं पत्रक निघालं. पिसाळलेल्या कुत्र्याला मारतात तसं या बंडखोरांना जमेल त्याने, जमेल तिथे मारावं, असं त्यात होतं. ज्याच्या जर्मन शब्दांनी लोक जागे झाले, त्याचेच हे शब्द. राजांच्या आसऱ्यानेच आपली सुधारणा टिकेल हे त्याने ओळखलं होतं, आणि तसं पाहिलं तर हुसची गत त्याला ठाऊक होती. तरीही नुसतं गप्प राहणं त्याच्या हाती होतं, असं मला वाटतं.

१५ मे १५२५ रोजी फ्रांकेनहाउसेनला इंद्रधनुष्याचं निशाण घेतलेल्या शेतकऱ्यांवर राजांच्या तोफा चालल्या. सुमारे पाच हजार माणसं पडली. राजांच्या बाजूचे मेलेले बोटावर मोजण्याइतके. शेतकऱ्यांचा पुढारी थॉमस म्युन्त्सर याचे हाल करून २७ मे रोजी शिर उडवलं. त्या सबंध वर्षात मेलेल्यांचा अंदाज सत्तर हजार ते एक लाखाचा आहे. ल्यूथरने त्याच जूनमध्ये लग्न केलं आणि जुलैत आपल्या पत्रकाचं समर्थनही केलं.

ल्यूथरची धर्मसुधारणा ही युरोपच्या राजकीय मुक्तीची अगोदरची पायरी, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये दाखवलं आहे. ते खरंच आहे. मात्र त्या दोन पायऱ्यांमधलं अंतर शेतकऱ्यांनी कसं काढलं, हे पाहिलं पाहिजे. केम्प्टनच्या मठाचे भूदास हरल्यावरही हटले नाहीत. १५२६ मध्ये मेमिंगेनलाच मठाधिपतीशी लेखी करार करून त्यांनी थोड्या सवलती मिळवल्या. भूदासपणा कायद्याने संपला तो बव्हेरियाच्या १८०८ च्या राज्यघटनेने, आणि मेमिंगेन तेव्हा बव्हेरियातच होतं. तिसरी मागणी लिहिल्याला तोवर २८३ वर्षं झाली होती.