सुईण ते नर्सबाई : आपल्या भागातील प्रसूतिसेवेची वाटचाल

सिंदखेड राजा ही राजमाता जिजाऊंची जन्मभूमी. मातृत्वाचा एवढा थोर वारसा लाभलेल्या या तालुक्यात, दुसरबीडसह गावोगावी, रात्री-अपरात्री हाकेला धावून जाणाऱ्या सुईणींचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला गेला. सुवर्णमहोत्सवी वर्षात मागे वळून पाहताना त्यांचे स्मरण उचित ठरेल.

पूर्वी बाळंतपण घरीच होई. मूठभर धान्य आणि लुगडे-चोळी एवढ्या मोबदल्यावर सुईण आपले अनुभवसिद्ध ज्ञान पणाला लावी. अनेक गावांत ती उपेक्षित समाजातील असे. घरात बाळ आणणाऱ्या त्या हातांना एरवी त्याच घराच्या उंबरठ्याबाहेर थांबावे लागे, हे कटू सत्यही नोंदविले पाहिजे. विळ्याने वा जुन्या पात्याने नाळ कापली जाई आणि धनुर्वाताने कित्येक अर्भके दगावत.

१९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. त्याच वर्षी देशात सुईणींच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी उभा राहिला. परंतु खेड्यांपर्यंत त्याचा लाभ फारसा पोहोचला नाही. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार सुमारे तीस कोटी लोकसंख्येसाठी परिचारिका होत्या अवघ्या ७,०००, तर प्रसाविका ५,०००!

स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या व ग्रामीण आरोग्याची धुरा त्यांच्याकडे आली. पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र आणि तेथे सहाय्यक परिचारिका प्रसाविका, म्हणजेच आपली नर्सबाई, अशी रचना पुढे रूढ झाली. गरोदर मातांची नोंद, धनुर्वाताची लस, लोहाच्या गोळ्या, बालकांचे लसीकरण ही सारी कामे ती वाडी-वस्तीवर पायपीट करून पार पाडी. परगावाहून आलेल्या या एकट्या स्त्रीला गावाचा विश्वास संपादन करण्यास वर्षे लागत.

१९७७ पासून सुईणींनाही प्रशिक्षण देण्यात आले. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा व स्वच्छ नाळ ही पंचसूत्री त्यांनी आत्मसात केली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांनाच नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. तेथील बालमृत्यूंत झालेली मोठी घट १९९९ मध्ये जगापुढे आली.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान व जननी सुरक्षा योजना सुरू झाली. आशाताई गावोगावी आल्या, दवाखान्यातील प्रसूती वाढल्या. महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू २००४-०६ मधील १३० वरून २०१८-२० मध्ये ३३ वर आले. २०१५ मध्ये माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

या यशात सुईणीचे काम संपले. तिचा निरोपसमारंभ मात्र कोठे झाला नाही. आपल्यापैकी अनेक ज्येष्ठांना या जगात पहिला स्पर्श तिच्याच हातांचा झाला आहे. घरातील आजींकडून तिचे नाव व आठवणी आजच लिहून घ्याव्यात. कृतज्ञतेचे एवढे ऋण तरी आपण फेडूया.