रद्दीतून वाचलेलं शेंडेनक्षत्र

आजचा एपिसोड डोंबिवलीतल्या एका रद्दीच्या ढिगापासून सुरू होतो आणि थेट धूमकेतूवर जाऊन परत येतो. लोकलमध्ये असाल तर ठाणं यायच्या आत संपेल. ब्लॉगवर वाचणाऱ्यांनी आपापल्या स्पीडने घ्या.

तर झालं असं. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. भाड्याचं घर छोटं, म्हणून मी बाबांची पुस्तकं पोत्यात भरली. रद्दीवाला खाली काटा घेऊन उभाच होता. तेवढ्यात बाबांनी पोत्यात हात घालून एक पुस्तक ओढून काढलं.

"हे नको देऊस रे."

नाव होतं 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. लेखक भा. रा. भागवत.

"बाबा, हे फास्टर फेणेवाले ना?"

"तेच. तुमचा तो निळा बोका टीव्हीवर यायच्या कितीतरी आधी आम्ही धूमकेतूवर राहून आलोय!"

निळा बोका म्हणजे डोरेमॉन. माझ्या वयाच्या पोरांना सांगायला नको. शाळेतून आलं की दप्तर फेकायचं आणि हिंदीतला डोरेमॉन लावायचा. बाविसाव्या शतकातून आलेला रोबो, नोबिताच्या टेबलाच्या खणात टाइम मशीन, डोक्यावर लावून उडायचा पंखा. मी बीटेक केलं त्याचं थोडं श्रेय त्या बोक्याला आहे, खोटं कशाला बोलू?

डोरेमॉन जपानी मासिकांतून पहिल्यांदा आला डिसेंबर १९६९ मध्ये. काय वर्ष होतं बघा. जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला, १५ ऑगस्टला आपली इस्रो स्थापन झाली आणि डिसेंबरात हा बोका. त्याचे जनक फुजिको एफ. फुजिओ 'एसएफ' या अक्षरांची स्वतःची फोड सांगायचे : 'सुकोशी फुशिगी'. म्हणजे, थोडंसं अद्भुत. परग्रहावरचं महायुद्ध नको. साधं घर, साधा मुलगा आणि त्यात एकच चमत्कारिक यंत्र.

मला वाटायचं, असलं हळुवार विज्ञान फक्त जपान्यांना सुचतं. मराठीत काय, तर गडकिल्ले, नाटक आणि पु. ल. त्या पोत्याने मला खोटं पाडलं.

कारण दोघांचं बी एकच आहे. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी आली १८६५ साली. आपलं कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, म्हणजे त्या कादंबरीपेक्षा एका वर्षाने मोठं! गोष्ट अशी की अमेरिकेतलं यादवी युद्ध संपतं आणि तोफा बनवणारे लोक रिकामे होतात. मग ते ठरवतात, एक प्रचंड तोफ बनवायची आणि गोळा माणसांवर नाही, चंद्रावर सोडायचा. तोफ उभारतात फ्लोरिडात. शंभर वर्षांनंतर अपोलोसुद्धा फ्लोरिडातूनच उडालं.

ही कादंबरी जपानी भाषेत गेली १८८० मध्ये. आणि मराठीत? १९०० च्या सुमारास 'केरळ कोकिळ' या मासिकात. मासिक मराठी, पण सुरू झालं होतं कोचीनमध्ये. म्हणजे मराठीतून चंद्राकडे जाणारं यान ज्या मासिकातून सुटलं, त्याचा जन्म मुंबई-पुण्यात झालाच नव्हता. पुढे भागवतांनी व्हर्न मुलांसाठी घरगुती मराठीत आणला. व्हर्नच्या मूळ कादंबरीत एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि जमिनीच्या तुकड्यासकट काही माणसांना सूर्याभोवती फिरवून आणतो. भागवतांनी त्याला नाव दिलं 'शेंडेनक्षत्र'. शेंडी असलेला तारा! इंग्रजी शब्द मध्ये न येता धूमकेतू एकदम अंगणात उतरतो.

मग फरक कुठे पडला? माझं मत सांगतो. जपानमध्ये गोष्टींना चित्रं मिळाली. मुलांच्या मासिकांतून कॉमिक्स, आणि १९६३ पासून टीव्हीवर अ‍ॅस्ट्रो बॉय. आपल्याकडे विज्ञानकथा राहिली दिवाळी अंकात आणि स्पर्धेत. पण त्या स्पर्धेतून काय निघालं ते ऐका.

१९७४ ची गोष्ट. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप. असा कुणी माणूसच नव्हता! ते होते जयंत विष्णू नारळीकर, जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ. आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढली पत्नी मंगलाताईंनी, त्या स्वतः गणितज्ञ. का, तर नावामुळे नाही, कथेमुळे निकाल लागावा म्हणून. आम्ही आयटीवाले याला ब्लाइंड टेस्टिंग म्हणतो.

त्यांची 'उजव्या सोंडेचा गणपती' वाचाच. विज्ञानाच्या एका प्रयोगात माणूस आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होतो. उजवा बोलर डावा होतो, मूर्तीची सोंड फिरते. गणपती, क्रिकेट आणि भूमिती एकाच कथेत. आता सांगा, हे 'थोडंसं अद्भुत' नाही तर काय? आणि हे कुणाचं भाषांतर नाही, आपल्याच मातीतलं आहे.

२० मे २०२५ ला नारळीकर गेले. त्या दिवशी माझ्या फोनवर डझनभर स्टेटस आले, मीही एक टाकलं. पण तोवर मी त्यांची एकही कथा मराठीत वाचलेली नव्हती. त्याची लाज त्या रद्दीच्या काट्यासमोर वाटली. या कथांना कुणी बंदी घातली नाही, जाळलं नाही. आपणच त्या किलोवर विकतो, कारण आत काय आहे ते माहीत नसतं.

पोती मी परत वर नेली. सगळी नाही ठेवता आली, जागा खरंच नव्हती. पण बाबा आणि मी दोन रात्री बसून एकेक पुस्तक उघडून बघितलं आणि मग ठरवलं. त्या दोन रात्रींत बाबा जितकं बोलले, तितकं आम्ही गेल्या पाच वर्षांत बोललो नसू.

तुमच्याकडेही बिल्डिंग पाडायची नोटीस आली असेल, तर एवढंच करा. पोतं बांधायच्या आधी घरातल्या मोठ्यांना विचारा, "यातलं कुठलं ठेवू?" आणि काही सापडलं तर मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!