कोल्हापूरचे स्थान आणि कोल्हापूरची वेळ : एक ऐतिहासिक अनुबंध

प्रस्तावना :
स्थाननिश्चिती आणि कालमापन या दोन स्वतंत्र बाबी आहेत, असा सर्वसाधारण समज आढळतो. वास्तविक स्थानाची नोंद चुकली की वेळही चुकते. कोल्हापूरच्या संदर्भात या अनुबंधाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

स्थानिक वेळ ते प्रमाणवेळ :
कोल्हापूर सुमारे ७४ अंश १४ कला पूर्व रेखांशावर वसले आहे. एका अंशाच्या अंतराने स्थानिक वेळेत चार मिनिटांचा फरक पडतो. त्यामुळे येथील स्थानिक वेळ मुंबईच्या सुमारे साडेपाच मिनिटे पुढे, तर मद्रासच्या सुमारे २४ मिनिटे मागे असते. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला, त्या काळात भारतातील रेल्वेचा व्यवहार प्रामुख्याने मद्रास वेळेनुसार चालत असे. १ जानेवारी १९०६ पासून ८२ अंश ३० कला रेखांशावर आधारित भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. कोल्हापूरची स्थानिक वेळ तिच्या सुमारे ३३ मिनिटे मागे आहे. प्रमाणवेळेमुळे व्यवहार सुलभ झाले. मात्र घड्याळ लावताना स्वतःचे स्थान विचारात घेण्याची गरज उरली नाही.

मद्रासच्या रेखांशाचा धडा :
भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील रेखांश मद्रास वेधशाळेच्या रेखांशावर अवलंबून होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारायंत्राच्या साहाय्याने फेरमोजणी झाली, तेव्हा नकाशांवरील रेखांश सुमारे अडीच कलांनी अधिक असल्याचे निश्चित झाले. कालमानात हा फरक दहा सेकंदांचा, तर कोल्हापूरच्या अक्षांशावर चार किलोमीटरहून अधिक अंतराचा होतो. गावागावांतील परस्पर अंतरे अचूक होती. चूक होती ती मूळ बिंदूत. म्हणूनच ती नकाशातून सहज लक्षात येत नव्हती.

उपग्रहाधारित कालमापन :
जीपीएस कालग्राहक यंत्रात हाच प्रश्न नव्या स्वरूपात उभा राहतो. अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ या चार अज्ञात राशींसाठी किमान चार उपग्रह लागतात. अँटेनाचे स्थान अगोदर निश्चित करून यंत्रात भरल्यास एकाच उपग्रहावरूनही वेळ मिळते. परंतु रेडिओलहरी एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर अंतर कापतात. साहजिकच स्थानातील ३० मीटरची चूक वेळेत १०० नॅनोसेकंदांपर्यंत फरक पाडू शकते.

उंचीची चूक विशेष घातक ठरते. उपग्रह चोहोबाजूंना विखुरलेले असल्याने आडव्या दिशेतील चुका काही अंशी परस्परांना छेद देतात. मात्र सर्व उपग्रह क्षितिजाच्या वरच असल्याने उंचीची चूक तशी नाहीशी होत नाही. शिवाय दक्षिण भारतात समुद्रसपाटीपासूनची उंची आणि जीपीएसच्या संदर्भ-लंबगोलापासूनची उंची यांत अनेक दशक मीटरांचे अंतर आहे. नकाशातील उंची तशीच भरल्यास यंत्र स्थिर, परंतु चुकीची वेळ दाखवीत राहते. मोबाइल मनोरे आणि वीजजाळे यांचा समन्वय मायक्रोसेकंदांच्या मर्यादेत राखावा लागत असल्याने अशा चुकांचा संचय उपेक्षणीय नाही. यावर उपाय म्हणजे अँटेना मोकळ्या आकाशाखाली बसवून यंत्रास अनेक तास स्वतःच्या स्थानाची सरासरी काढू देणे, आणि अँटेना हलविल्यास ही प्रक्रिया पुन्हा करणे.

निष्कर्ष :
प्रमाणवेळेने घड्याळातून वगळलेले स्थान उपग्रहयुगात पुन्हा कालमापनाच्या केंद्रस्थानी आले आहे. मद्रासच्या रेखांशाचा इतिहास असे दर्शवितो की, मोजमापातील सुसंगती म्हणजे सत्यता नव्हे. मूळ बिंदूची स्वतंत्र पडताळणी ही तेव्हाप्रमाणे आजही अनिवार्य आहे.