काचेतलं शिसं

मंडळी, २००९ साली घेतलेला आमचा एलसीडी टीव्ही माळ्यावर बंद पडून आहे. परवा भंगारवाला दोनशे रुपये देतो म्हणाला. सौ. म्हणाली, "द्या एकदाचा." मी नाही म्हटलं. त्याला कारण आहे.

१९८७ साली, 'रामायण' सुरू झालं तेव्हा, आम्ही पहिला रंगीत टीव्ही घेतला. वीस वर्षांनी तो मीच भंगारात घातला. भंगारवाला आणि त्याचा दहा-बारा वर्षांचा पोरगा, दोघांनी तो आमच्या फाटकाबाहेरच फोडला. त्यांना हवं होतं पिक्चर ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलचं तांबं. पोराने हातोडी घातली, फस्स आवाज झाला आणि काच गटाराच्या कडेला पडली. मी नातवाला कडेवर घेऊन गंमत बघत होतो. त्या पोराच्या वयाची मुलं मी जन्मभर वर्गात शिकवली, पण त्याला 'अरे, लांब हो' म्हणायचं मला सुचलं नाही. काचेत काय आहे हेच ठाऊक नव्हतं.

ही ट्यूब मूळची जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांची, १८९७ सालची. तिच्यात इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर आदळला की चित्र उमटतं, पण थोडे क्ष-किरणही निघतात. ते बाहेर येऊ नयेत म्हणून काचेत शिसं घालत. एका टीव्हीत किलो-दोन किलो सहज असे, बहुतेक मागच्या नरसाळ्यासारख्या भागात. ट्यूब अखंड आहे तोवर त्रास नाही. काचेचा चुरा मातीत पडून राहिला की मात्र शिसं पाझरू शकतं. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून नव्या उपकरणांत शिसं, पारा, कॅडमियम यांवर बंदी आणली, पण ट्यूबच्या काचेला त्यातून सूट दिली!

पुढे सपाट पडदे आले. शिशाची काच गेली, पण सुरुवातीच्या एलसीडीमागे उजेडासाठी पाऱ्याच्या बारीक नळ्या असत. माळ्यावरच्या आमच्या टीव्हीत त्याच आहेत. २००७ साली ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून पडद्यांतला पारा आणि काचेतलं आर्सेनिक काढण्याचा शब्द दिला. त्या नळ्यांच्या जागी एलईडी आले, वीजही वाचली. हे चांगलंच झालं. (पडदे बनवताना वापरला जाणारा नायट्रोजन ट्रायफ्लोराइड वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट उष्णता अडवतो, तो विषय निराळा.)

मला खरी गोष्ट वाटते ती जुन्या काचेची. पूर्वी ती वितळवून नवी ट्यूब करत. नव्या ट्यूबा बनेनाशा झाल्या तसं या काचेला गिऱ्हाईकच उरलं नाही. अमेरिकेतली अशी काच शेवटी शेवटी कुठे यायची? आपल्या शेजारी, गुजरातेत भरूचला, व्हिडिओकॉनच्या कारखान्यात! तीही वाट गेल्या दशकात बंद झाली. तिकडे काही धंदेवाल्यांनी काच ठेवून घेण्याचे पैसे घेतले आणि गोदामं भरून तशीच सोडून दिली. म्हणजे स्वच्छ पडदा घरात आला आणि त्यानेच जुन्याला पोरकं केलं. याचा विचार आधी कुणी करायला नको होता का?

आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. जुन्या मालाची जबाबदारी बनवणाऱ्यावर आली, २०२३ पासून नवे नियम आहेत. आमचा पहिला टीव्ही त्याआधीच गटाराकाठी गेला होता. असो.

आताच्या टीव्हीसाठी कंपनीला दोनदा फोन केला. "कळवतो," म्हणाले. तेव्हा पुण्यातल्या भाचरांनो, तुमच्यापैकी कोणी अधिकृत संकलन केंद्रावर स्वतः जाऊन सामान दिलं असेल तर पत्ता कळवा. रिक्षाचं भाडं माझ्याकडे. सौ.ला दिवाळीच्या आत माळा रिकामा हवा आहे.