पुडिंगातलं अंडं आणि रमाबाईंचं बायबल

इंग्लंडमधल्या वाँटेज गावी सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाचा मठ आहे. १८८३ साली तिथं एक तरुण विधवा दोन वर्षांच्या लेकीला घेऊन उतरली. कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं होतं आणि पुण्यात तिने आर्य महिला समाज उभा केला होता. २९ सप्टेंबरला पंडिता रमाबाई आणि छोटी मनोरमा, दोघींचा बाप्तिस्मा झाला. मठाला आनंद झाला. पुढे मात्र एक गोष्ट भगिनींना खटकू लागली: बाई पुडिंग खात नाहीत, कारण त्यात अंडं असतं.

ही गोष्ट क्षुल्लक वाटते. सिस्टर जेराल्डिन यांना ती तशी वाटली नाही. रमाबाई ज्यांना पत्रांत लाडाने ‘आजीबाई’ म्हणत, त्या याच. त्यांच्या मते अंडं नाकारणं हा जातीचा ताठा होता आणि ख्रिस्ती माणसाच्या अंगी आधी नम्रता हवी. रमाबाईंचं उत्तर तिखट होतं. माझा ताठा तुम्हांला पुडिंगात, दूधभातात, जोड्या-मोज्यांत जिथं शोधायचा तिथं शोधा, असं त्यांनी कळवलं. आपण पूर्वग्रहांतून पुरत्या सुटलेलो नाही, हेही मान्य केलं. पण कुणाला इजा न करणारी पूर्वजांची रीत का सोडायची? इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि तिने आपल्या सवयी सोडल्या नाहीत, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हणेल का?

खरं तर हा वाद ख्रिस्ती मंडळीइतकाच जुना. पहिल्या शतकात करिंथ आणि रोमच्या ख्रिस्ती घरांतही पानात काय वाढायचं यावरून तंटे होते. मूर्तीपुढे ठेवलेलं मांस खावं का, कुणी नुसती भाजी खात असेल तर त्याला हिणवावं का? पौलाने त्यावर पत्रांतून विस्ताराने लिहिलं. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये, हा त्याचा रोख. वाँटेजच्या मठात हे अध्याय वाचले जात नसतील असं नाही. पण वाचणं वेगळं, आणि समोरच्या बाईच्या ताटाला ते लावणं वेगळं.

अर्थात हसायचं तर दोन्हीकडे हसावं लागेल. रमाबाई ज्या पंचहौद मिशनच्या ओळखीतून विलायतेला गेल्या, तिथंच १८९० साली पुण्याच्या नामवंतांपुढे चहा आला आणि त्या पेल्यांवरून शहरात ग्रामण्य पेटलं. रानडे आणि टिळक दोघांनाही प्रायश्चित्ताचा मार्ग धरावा लागला. एका टोकाला अंडं न खाणं हा दोष, दुसऱ्या टोकाला चहा पिणं हा दोष.

जेवणावरून सुरू झालेला वाद तिथंच थांबला नाही. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. ती लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असं रमाबाईंनी विचारलं. जी भाषा इथल्या माणसाला कळत नाही ती जास्त पवित्र कशी, हा त्यांचा मुद्दा. ज्या बाईने लहानपणापासून पुराणं सांगत देश पायी पालथा घातला, तिला अर्थ न कळणाऱ्या मंत्राची प्रतिष्ठा कशावर उभी असते हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

मग शिकवण्याचा प्रश्न आला. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याकडे रमाबाई शिकत होत्या. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असं घाटत होतं, तर भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली: मायदेशी नाव खराब होईल. रमाबाई चकित झाल्या. वडील अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी सनातनी असूनही बायकोला संस्कृत शिकवलं होतं; आईने आणि आपण तरुण पुरुषांना शिकवलं, तेव्हा ना वडिलांनी अडवलं, ना नवऱ्याने.

शेवटी प्रकरण श्रद्धेच्या गाभ्यापाशी आलं. त्रैक्याचा सिद्धांत, अथनेशियसचा विश्वासांगीकार: चर्च सांगतं म्हणून हे मानायचं का? एका भटशाहीच्या जोखडातून कशीबशी सुटले, आता दुसऱ्या जोखडाखाली मान द्यायची नाही, या अर्थाचं त्यांनी १८८५ मध्ये जेराल्डिन यांना लिहिलं. ख्रिस्ती धर्माकडे त्यांना वळवण्यात नीलकंठशास्त्री गोरे यांच्या युक्तिवादाचा मोठा वाटा होता. पण गोरे चर्चच्या परंपरेला जितकं मानत, तितकं या शिष्येने मानलं नाही. त्यांची कसोटी एकच. शास्त्रात आहे का, दाखवा. नसेल तर माझ्या सदसद्विवेकावर लादू नका.

जेराल्डिन यांना खलनायिका करणं सोपं आहे आणि चुकीचंही. ही पत्रं त्यांनीच जपली, संकलित केली. म्हणूनच १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाला ती प्रकाशित करता आली. शिवाय जातीबद्दलची त्यांची शंका अगदीच पोकळ नव्हती. ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत उघडलेलं शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होतं आणि तिथं जातीचे नियम पाळायची मुभा होती. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसतात यावरून १८९३ मध्ये गदारोळ झाला; रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आपला विवेक कुणी दडपू नये म्हणणाऱ्या बाईच्या दारात आता मुलींचे पालक तोच हक्क सांगत उभे होते.

सोवळ्याची गणितं मोडली ती दुष्काळाने. १८९६-९७ मध्ये रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या, १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी शेकडो आल्या. मुक्ती मिशन या त्यांच्या तिथल्या संस्थेच्या आवारात कोण कुठल्या जातीची हे विचारत बसायला वेळ नव्हता. विहिरी, शेती, विणकाम आणि छापखाना, सगळीकडे याच मुलींचे हात होते.

लॅटिन क्रुसाची गोष्ट याच छापखान्यात पुन्हा उगवली. प्रचलित मराठी बायबलची भाषा रमाबाईंना संस्कृतजड वाटे. खेड्यातल्या बाईला ती कळणार कशी? मग त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं. दीड दशकाहून अधिक काळ त्या हे काम करत राहिल्या. संस्कृतात व्याख्यानं देऊन पंडितांना थक्क करणारी ही बाई आता शब्दागणिक संस्कृत टाळत होती. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर पुरं झालं होतं. मुक्तीच्या मुलींनी खिळे जुळवून ते छापलं आणि १९२४ मध्ये ग्रंथ बाहेर पडला.